ट्रक मिळेल, पलटण मिळणार नाही

पत्र लांबलचक आहे, म्हणून नाव-गाव वगळून गोषवारा देते.

लिहिणाऱ्या बाई ४१ वर्षांच्या. घरात नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. दोन वर्षांनी वर्षभराची रजा काढून तिघांनी फिरायला निघायचं आणि राहायचं घरही चाकांवर असावं, असं त्यांनी मनाशी धरलंय. तयार कॅम्परगाड्या पाहिल्या, त्या महागही वाटल्या आणि नाजूकही. मग लष्करानं मोडीत काढलेले ट्रक नजरेत भरले. आता तीन गाड्या डोळ्यांपुढे आहेत: अमेरिकी अडीच टनी एम-३५ ए-२, जर्मन युनिमॉग ४०४ आणि मान कंपनीचा कॅट-१. पहिला येत्या पंधरवड्यात लिलावात निघतोय आणि बोली अजून कमी आहे. त्यावर फक्त साडेअकरा हजार किलोमीटर पडलेत. बाईंनी कागदावर घराचा आराखडा काढलाय, रंगही ठरवलाय. आजवर त्यांनी लहान मोटारीपलीकडे काही चालवलेलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, ‘हौसेला मोल नसतं, पण डिझेलला असतं.’ त्यांचे प्रश्न दोन: तिन्हींपैकी कोणता घेऊ? आणि घेतल्यावर आधी काय बदलू?

*

तुमचं पत्र वाचताना मजा आली. आराखड्यात मुलाच्या पलंगाखाली दुर्बिणीसाठी वेगळा कप्पा आहे, त्यावर तर मी फिदाच झाले. तेव्हा ‘हा नाद सोडा’ असं मी सांगणार नाही. पण तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न आहे, तो तुम्ही विचारलेला नाही. आधी तो घेते.

पत्रात एक वाक्य तीनदा आलंय, शब्द फिरवून: ‘लष्करासाठी बनवलेली गाडी, म्हणजे दणकट असणारच.’ दणकट असते, खरं आहे. पण कशाच्या जोरावर? या गाड्या एका मालकासाठी बनवलेल्याच नसतात, त्या बनतात संस्थेसाठी. तिथं ट्रकबरोबर नेमलेला ड्रायव्हर असतो. रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी तो ठरलेल्या यादीप्रमाणे तेल, हवा, पट्टे, गळती बघतो. त्याच्यामागे मेकॅनिकांची तुकडी, तिच्यामागे सुट्या भागांचं कोठार आणि त्याच्यामागे गाडी उघडून पुन्हा नवी करणारा डेपो. दणकटपणाचा अर्धा भाग लोखंडात असतो आणि अर्धा या माणसांत. लिलावात तुम्हाला लोखंड मिळतं. पलटण बराकीतच राहते.

म्हणजे ट्रक घेतल्या दिवशी ड्रायव्हर तुम्ही, मेकॅनिक तुम्ही, कोठारवालाही तुम्हीच. हे तुम्हाला हवंय का? अनेकांना मनापासून हवं असतं. आठवड्याचे दोन दिवस हात तेलात घालण्यातच त्यांचा आनंद असतो, प्रवास हे निमित्त. तुमच्या पत्रात मात्र प्रवास, मुलगा, तारे आणि समुद्र आहेत, पाना-स्क्रूड्रायव्हर एकदाही नाही. यात कमीपणा काही नाही. फक्त कोणता ट्रक घ्यायचा याचं उत्तर त्यानं बदलतं.

आता त्या साडेअकरा हजार किलोमीटरबद्दल, कारण मोह तिथंच आहे. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीवर इतका कमी आकडा दिसला की आपण तिला जवळजवळ नवी समजतो. लोखंडाच्या बाबतीत हे बरंचसं खरं. रबराच्या बाबतीत साफ खोटं. ऑइल सील, ब्रेकचे होज पाइप, व्हील सिलिंडरमधले वायसर, कूलंटचे पाइप आणि टायर यांचं वय किलोमीटरवर ठरत नाही, वर्षांवर ठरतं. उभ्या गाडीचं तर जास्तच वाईट: ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि सिलिंडर आतून गंजतात, डिझेलच्या टाकीत पाणी साठून गाळ होतो, सील कोरडे पडून तडकतात. शिवाय लष्करी गाडी एका जागी उभी राहून तासन् तास इंजिन चालू ठेवते. ते तास किलोमीटरमध्ये दिसत नाहीत. आणि चाळीस वर्षांत मीटर एकदाही बदलला नसेल, याची हमी कोण देणार?

उलट, डेपोत पुन्हा बांधणी झाल्याची धातूची पट्टी गाडीवर असेल तर तिच्यावरची तारीख वाचा. मी तरी किलोमीटरपेक्षा त्या पट्टीवर जास्त भरवसा ठेवेन.

‘लष्करानं विकली म्हणजे तिच्यात खोट नसेल, फक्त जुनी झाली म्हणून काढली,’ असंही तुम्ही लिहिलंय. कधी तसं असतं. कधी तपासणीत नापास झालेली आणि दुरुस्ती परवडणार नाही म्हणून काढलेलीही असते. अशा लिलावांत गाडी ‘आहे तशी’ विकतात, मग विकणारं खातं कुठल्याही देशाचं असो. नंतर तक्रारीला जागा नाही. म्हणून बोली लावण्याआधी यार्डात जाऊन गाडी बघू देतात का, आणि चालू करून दाखवतात का, हे विचारा. दोन्हींना नकार आला तर ती गाडी तुमच्यासाठी नाही. तुमची ही पहिलीच लष्करी गाडी असेल तर अजिबात नाही.

तिन्हींबद्दल माझं मत सांगते, थोडं एकांगी वाटलं तरी.

एम-३५ हा देखणा ट्रक. ही मालिका १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकी सैन्यात होती, आणि ए-२ म्हणजे तिचं सर्वांत जास्त दिसणारं रूप. सहा सिलिंडरचं ७.८ लिटरचं मल्टिफ्युएल इंजिन. डिझेल, केरोसीन, जेट इंधन असं बरंच काही पचवणारं. काहींच्या टर्बोची शीळ तर अशी, की ट्रक दिसायच्या आधी ऐकू येतो. रस्त्यावर ५ टन, रस्त्याबाहेर अडीच टन माल. नावातले अडीच टन ते हेच. रिकाम्या गाडीचं वजन ६ टनांच्या आसपास. इथवर सगळं छान.

आता बाकीचं. वेग ताशी ९० किलोमीटरच्या आत, तोही सपाटीवर आणि कान बधिर करून. ब्रेक हायड्रॉलिक, त्यांना हवेच्या दाबाची मदत, आणि सर्किट एकच. याचा अर्थ नीट समजून घ्या. आजच्या साध्या मोटारीतही ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं असतात, एक गेलं तर दुसरं उरतं. इथं एका चाकाचा एक जुना होज फुटला की सगळ्या चाकांचे ब्रेक जातात. हातात राहतो फक्त हँडब्रेक, जो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या एकाच ड्रमवर काम करतो. घाटउतारावर सहा टनांना तो किती पुरेल, तुम्हीच कल्पना करा. दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग, बसवता येतो आणि बरेच मालक बसवतात. तुम्ही हाच ट्रक घेतलात तर ‘आधी काय बदलू’ याचं उत्तर हे. रंग नव्हे.

आणि तुमचा मुलगा बसणार कुठे? ट्रक बनला तेव्हा त्यात सीटबेल्ट नव्हते. नऊ वर्षांच्या मुलाला बेल्टशिवाय वर्षभर फिरवणं तुम्हालाही चालणार नाही आणि बहुतेक देशांच्या कायद्यालाही. बेल्ट बसवायचे तर ते कॅबिनच्या पत्र्याला नव्हे, चासीशी, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याशी जोडलेल्या मजबूत आधाराला बसवावे लागतात, आणि ते काम जाणकाराचं. मागच्या खोलीत बसवून नेण्याचा विचार आराखड्यात दिसतोय; तो आधी खोडा. मागे बसायचं तर तिथंही मंजूर सीट, बेल्ट आणि पुढच्यांशी बोलण्याची सोय लागते. युनिमॉग ४०४ मध्ये हा प्रश्न आणखी अवघड, कारण त्याची नेहमीची कॅबिन दोघांचीच.

युनिमॉगबद्दल पुढे. १९५५ ते १९८० या काळात बनलेली ही गाडी, आणि युनिमॉग हे मूळ कुळ तर शेतीच्या यंत्राचं. चाकाच्या हबमध्ये गिअर असल्यामुळे ॲक्सल जमिनीपासून उंच राहतो, आणि खडकाळ वाटेवर तो जे करतो ते बघताना तोंडात बोट जातं. पण ४०४ चं इंजिन पेट्रोलचं, २.२ लिटरचं. घर पाठीवर घेऊन चढ चढताना मागे गाड्यांची रांग लागेल, आणि पेट्रोलचा खर्च बघून तुमच्या यजमानांना आणखी एक म्हण सुचेल.

कॅट-१ हा वेगळाच प्राणी. १९७६ पासून जर्मन सैन्यात आला. इंजिन हवेनं थंड होणारं, व्ही-८, कॅबिनच्या मागे बसवलेलं. घर वाहण्यासाठी तिन्हींत हाच सर्वांत लायक, त्याचं कारण पुढे चासीच्या मुद्द्यात येईल. पण रुंदी अडीच मीटर, वजन भरपूर, आणि लहान मोटारीवरून थेट यावर येणं म्हणजे सायकलवरून हत्तीवर.

म्हणून माझा कल असा: ट्रकशी खेळायचं असेल तर एम-३५ घ्या, घर बांधू नका. मोकळा ठेवा, रविवारी काढा, मुलाला शीळ ऐकवा. वर्षभर राहायचं असेल तर लिलावात १९८० च्या दशकातले आणि नंतरचे ट्रक शोधा. ऑस्ट्रियन श्टायर १२ एम १८ आणि त्याच रचनेवरून अमेरिकेनं बनवलेला एलएमटीव्ही, ही दोन नावं टिपून ठेवा. एलएमटीव्हीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि चालता चालता टायरमधली हवा कमी-जास्त करण्याची सोयही आहे. डिझेल इंजिनाचा युनिमॉग यू १३०० एल हाही घर बांधणाऱ्यांचा जुना आवडता. यातलं काही या पंधरवड्यात मिळणार नाही. पण दोन वर्षं आहेत ना तुमच्याकडे?

कोणताही घेतलात तरी खिशातला पैसा मोजण्याआधी परवाना मोजा. युरोपात साध्या मोटारीचा परवाना सर्वसाधारणपणे साडेतीन टनांपर्यंतचा. त्यापुढे साडेसात टनांपर्यंत एक वर्ग आणि त्याच्यावर आणखी एक. इतरत्र नियम निराळे, पण सहा टनी ट्रक लहान मोटारीच्या परवान्यावर चालेल असं गृहीत धरू नका. एअरब्रेकसाठी काही ठिकाणी वेगळी परीक्षा असते. माझा आग्रह असा, की ट्रक घेण्याआधी अवजड वाहनाच्या शिकवणीचे दहा तास घ्या. शिकवणी ट्रकच्या तुलनेत कवडीमोल पडते, आणि दहाव्या तासाला कळतं की आपल्याला हे आवडतंय की आपण नुसते दात-ओठ खातोय.

कागदपत्रांचं थोडक्यात. मालकीचा कागद हातात येईल का आणि त्यावर रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी होईल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेत सरकारी गाडीसोबत एसएफ-९७ नावाचा दाखला मिळतो आणि त्यावरून नोंदणीचे कागद बनतात, पण काही लष्करी गाड्या ‘फक्त रस्त्याबाहेर’ या अटीवरच विकल्या जातात. जर्मनीत ३० वर्षं झालेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची पाटी मिळू शकते, मात्र गाडी बरीचशी मूळ रूपात असावी लागते. इथं पाय अडकतो. ऐतिहासिक म्हणून करात सूट घ्यायची आणि त्याच गाडीवर नवीन घरही बांधायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत. तुमच्याकडे जो नियम असेल तो बोलीच्या आधी नोंदणी कार्यालयाकडून लेखी घ्या. विम्याचंही तसंच: ‘फिरतं घर म्हणून बदललेला लष्करी ट्रक’ हे शब्द उच्चारून विचारा, नुसतं ‘ट्रक’ म्हणून नको.

आता यार्डात गेल्यावर काय करायचं ते सविस्तर सांगते, कारण असली पत्रं इतरांचीही येतात आणि बहुतेक जण यार्डात फोटो काढून परततात.

पोचल्याबरोबर इंजिनाला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन किती वेळात आणि किती धूर सोडत चालू होतं, हे बघायलाच तर तुम्ही गेला आहात. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. चालू झाल्यावर ऑइलचा दाब बघा आणि हवेचा दाब भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. दाब भरला की इंजिन बंद करा, शांतपणे चहाइतका वेळ थांबा आणि काटा किती उतरतो ते बघा. फुसफुस ऐकू आली तर आवाजाच्या दिशेनं वाका. मग गाडीखाली जा. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं ऑइल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. पाण्यातून चालवलेल्या गाड्यांत हे नेहमीचं. चासीवर वेल्डिंगच्या खुणा, वाकलेला किंवा जाड रंग थापलेला भाग शोधा. चालवून बघू दिली तर परतल्यावर प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्या, एकदम टेकवू नका. एकच हब बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय.

टायरवर चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३०७ म्हणजे २००७ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला आहे. त्याची नक्षी कितीही ताजी दिसो, त्यावर मुलाला बसवू नका. एम-३५ ला दहा टायर आणि अकरावी स्टेपनी, हा हिशेब बोली लावताना डोक्यात ठेवा. कमी बोलीचं गुपित पुष्कळदा टायरांतच असतं.

टायरवरून एक गोष्ट, आणि इथं मी विनोद करणार नाही. जुन्या लष्करी ट्रकांची चाकं अनेकदा तुकड्यांत जोडलेली असतात: रिमवर वेगळी लोखंडी लॉक रिंग टायरला धरून ठेवते. ती रिंग नीट बसली नसेल किंवा गंजली असेल तर हवा भरताना ती गोळ्यासारखी उडते. माणसं मेली आहेत. असं चाक घरी उघडायचं नाही, आणि चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय त्यात हवा भरायची नाही. हवा पूर्ण काढल्याशिवाय कुठल्याही नटाला हात लावायचा नाही. हे काम अवजड टायरवाल्याकडेच द्यायचं, आणि त्याच्याकडे पिंजरा दिसला नाही तर तिथून निघायचं.

रंगाचं तुमचं ठरलंय, तर तेही सांगते. १९८० च्या दशकापासून अमेरिकी लष्करी गाड्यांवर असा खास रंग असतो, की रासायनिक हल्ल्यानंतर त्यावरचं विष धुऊन काढता येतं. तो सुका असताना त्रास देत नाही, पण घासला, जाळला किंवा त्यावर वेल्डिंग केलं की त्याची धूळ आणि वाफ फुप्फुसांना घातक. जुन्या ब्रेक लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरनं फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. मुलगा ‘मदतीला’ येणार असेल तर या दोन दिवशी त्याला आजीकडे पाठवा.

ट्रक दारात आला की आराखडा कपाटात ठेवा. निदान सहा महिने. हे तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. पण आधी रबर बदलायचं: सगळे ब्रेक होज, व्हील सिलिंडर, पट्टे, कूलंटचे पाइप. सगळी ऑइलं आणि फिल्टर. डिझेलची टाकी उतरवून धुवायची. स्टिअरिंगचे सांधे. मग चालवायचं, रिकामंच. पावसात, रात्री, चढावर, मुलाला घेऊन, यजमानांना घेऊन. गादी टाकून मागे दोन रात्री झोपून बघा. अशा सहा महिन्यांत आराखडा आपोआप बदलतो. खिडकी कुठे हवी ते कागदावर नाही कळत, कडेला ट्रक लावून रस्त्याकडे तोंड करून झोपल्यावर कळतं. मी एकदा सगळं बांधून झाल्यावर पहिल्यांदा लांब गेले, आणि गॅसचं सिलिंडर बदलायला पलंग उचलावा लागतो हे तिसऱ्या दिवशी पावसात कळलं. तुम्ही ते आधीच कळून घ्या.

मग वजनकाटा. रिकामा ट्रक घेऊन जा, आधी पुढचा ॲक्सल काट्यावर, मग मागचा, मग पूर्ण गाडी. प्रत्येक ॲक्सलला किती चालतं ते गाडीच्या पट्टीवर असतं. त्यातून वजा करा, जे उरेल त्यात तुमचं घर. पाणी विसरू नका: ३०० लिटर म्हणजे ३०० किलो. शिवाय ते एकाच बाजूला ठेवलंत तर ट्रक आयुष्यभर कललेला चालेल.

घर चासीवर बसवायचं कसं, यात सर्वांत जास्त पैसे वाया जातात. युनिमॉगची चासी मुद्दामच पीळ खाणारी बनवलीय. चारी चाकं जमिनीला धरून राहावीत म्हणून ती वाकडीतिकडी होते. तिच्यावर ताठ पेटी थेट बोल्टांनी आवळली तर पहिल्याच खडबडीत वाटेवर पेटीचे कोपरे फाटतात, नाहीतर चासीला तडा जातो. म्हणून तिथं तीन किंवा चार बिंदूंवर झुलणारी, फिरत्या सांध्यांची बैठक लागते. एम-३५ सारख्या पाट्यांवरच्या ट्रकची चासीही पिळते, कमी-अधिक. कॅट-१ ची चासी मात्र पेटीसारखी बंद आणि ताठ आहे, पीळ कॉइल स्प्रिंगा सोसतात, त्यामुळे घर जवळजवळ सरळ बसवता येतं. हेच ते कारण. आणि कुठल्याही ट्रकच्या चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच. बोल्ट मधल्या उभ्या भागात, शक्यतो आधीच असलेल्या भोकांत. वेल्डिंग दुसरीकडे कुठे करायचंच असेल तर आधी बॅटऱ्या आणि आल्टरनेटर सोडवा.

विजेचं एकच सांगते, कारण ही चूक हमखास होते. या गाड्यांची वीज २४ व्होल्टची, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून. घरातले दिवे नि पंप १२ व्होल्टचे, मग एखादा हुशार मिस्त्री दोनपैकी एका बॅटरीवरून तार काढून देतो. चालतं, दोन महिने. मग एक बॅटरी सतत अर्धी आणि दुसरी सतत जास्त भरलेली, आणि एके सकाळी दोन्ही मेलेल्या. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, किंवा घराची वीज पूर्ण वेगळी ठेवा. ट्रक सुरू करायच्या बॅटऱ्यांना घरानं हात लावायचाच नाही.

उंचीबद्दल: युरोपात बहुतेक ठिकाणी ४ मीटरची मर्यादा. छतावर स्टेपनी, सौरपट्ट्या, पेटी ठेवाल तेव्हा पुन्हा मोजा, आणि आकडा कॅबिनमध्ये डोळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत चिकटवा. वेग वाढवायला मोठे टायर घालायचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. थोडा वेग वाढतो, खरं. पण ब्रेकना आणि स्टिअरिंगला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ब्रेकबद्दल वर लिहिलंच आहे. मल्टिफ्युएल इंजिनाचा पंप ‘थोडा वाढवून’ ताकद मिळवायचा सल्लाही मिळेल. इंजिन लगेच काही बोलत नाही, नंतर एकदाच बोलतं.

पैशाचं म्हणाल तर जितकी बोली, निदान तितकेच आणखी पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, घर बांधण्याचे वेगळे. हा माझा अंदाज आहे, टायर चांगले निघाले तर खर्च जरा कमी होईल. डिझेलबद्दल यजमान बरोबर आहेत: एम-३५ कडून लिटरला तीन-चार किलोमीटरची अपेक्षा ठेवा. पण त्यांच्या त्या वाक्याकडे नकार म्हणून बघू नका. प्रवासात तुमच्या शेजारी बसून नकाशा बघणारा, ट्रक मागे घेताना खाली उतरून हात करणारा, गळतीचा वास आधी ओळखणारा माणूस तुम्हाला लागणारच आहे. हिशेबाची वही त्यांच्याकडे द्या. हिशेब ठेवणारा माणूस लवकर सामील होतो, असा माझा अनुभव.

राहिली या पंधरवड्यातली बोली. ती जाऊ द्या, असं माझं मत. हेच मॉडेल पुन्हा येईल, हे ट्रक हजारोंनी बनलेत. पण बोली लावायची नसली तरी यार्डात जा, आणि तिघंही जा. परवानगी मागून मुलाला कॅबिनमध्ये तुमच्या दोघांच्या मध्ये बसवा. तुम्ही पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर टाकून बघा, आणि दर वेळी दांडा त्याच्या गुडघ्याला लागतो का, ते त्यालाच मोजायला सांगा.